सुट्टीत वाचायला पुस्तक कसं निवडावं: वाचनाची सवय सुटलेल्यांसाठी आणि नव्याने लागलेल्यांसाठी

सुट्टीला नेलेलं पुस्तक खूण न सरकता घरी परत येतं, तेव्हा लोक स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा आळसाचा काही संबंध नसतो. रोजचा मोकळा वेळ वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत मिळणार आणि पिशवीत मात्र सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी, असं असेल तर तिसऱ्या दिवशी ती पिशवीच्या तळाशी जाणारच. म्हणून आधी सुट्टी नीट बघायची आणि मग पुस्तक शोधायचं. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात. खालच्या पायऱ्या निघायच्या आधी दोन-तीन आठवड्यांपासून सुरू केल्या तर धावपळ होत नाही.

1. वेळ मोजा, पानं मोजा

आधी स्वतःचा वेग काढा. घरातली कुठलीही मराठी कादंबरी घ्या, वीस मिनिटांचा गजर लावा आणि नेहमीसारखं वाचा. झालेल्या पानांना तीनने गुणलं की तासाचा वेग मिळाला. सराव असलेला माणूस साधारण 30 ते 40 पानं वाचतो. बरीच वर्षं मराठी वाचन सुटलेलं असेल तर 15 ते 20 पानंही होतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. वर्तमानपत्रावर वेग मोजू नका. ते आपण चाळतो, त्यामुळे आकडा फुगतो.

आता सुट्टीचा एक खरा दिवस डोळ्यांसमोर आणा. ट्रॅव्हल कंपनीच्या टूरमध्ये सकाळी सातला नाश्ता, साडेसातला बस, रात्री जेवण नऊला. वाचायला उरला जेमतेम अर्धा तास, तोही पेंगुळलेला. गावी आजोळी असाल तर दुपारी जेवणानंतर दोन तास सहज मिळतात, पण घर पाहुण्यांनी भरलेलं असेल तर तेही नाहीत.

समजा पाच दिवस, रोज एक तास, तासाला 30 पानं. झाली 150. यातला तिसरा हिस्सा वजा करा, कारण कुणीतरी गप्पा मारायला येतं, झोप लागते, वीज जाते. उरली 100. म्हणजे तुमच्यासाठी शंभर-सव्वाशे पानांचं एक पुस्तक पुरेसं आहे. आकडा छोटा वाटतो, पण पूर्ण झालेल्या शंभर पानांचा आनंद अर्धवट राहिलेल्या तीनशे पानांना नाही.

प्रवासाचे तास वेगळे धरा. मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने गोव्याला निघालात तर दिवसभर उजेड आणि खिडकी दोन्ही मिळतात. कोकणकन्येने रात्री निघालात तर डब्यातले दिवे लवकर बंद होतात, तिथे वाचनाचा हिशेब शून्य धरा. घाटातल्या एसटीत किंवा गाडीत वाचू नका. वळणावर नजर पानावर खिळलेली असली की अनेकांना मळमळतं. तिथे ऐकायचं पुस्तक बरं.

2. तुकडा ओळखा

मोठ्या पुस्तकापेक्षा अडतं ते लांब प्रकरणांवर. तुमचा मोकळा वेळ वीस मिनिटांचा असेल तर वीस मिनिटांत संपणारा तुकडा ज्या पुस्तकात आहे, तेच घ्या. दुकानात अनुक्रमणिका उघडा, एकूण पानांना प्रकरणांच्या संख्येने भागा. दहा-बारा पानं आली तर पुस्तक तुकड्यातुकड्याने वाचता येईल. तीस-चाळीस आली तर सलग दुपार हवी.

व्यक्तिचित्रं आणि ललित लेख यासाठी उत्तम. पु. ल. देशपांडे यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ किंवा व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ यांतला प्रत्येक लेख स्वतंत्र आहे. मधला एखादा सोडला, दोन दिवस पुस्तक उघडलं नाही, तरी काही निसटत नाही. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये बारा मराठी महिन्यांवर बारा लेख आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत वैशाखाचा आणि ज्येष्ठाचा लेख वाचायचा आणि बाहेरचं झाड बघायचं, एवढंही पुरतं.

कथासंग्रह म्हणजे हलकं वाचन, हा समज मात्र सोडा. जी. ए. कुलकर्णींची एखादी कथा पानांच्या हिशेबात लहान दिसते, पण तिला शांत डोकं आणि सलग तासभर लागतो. गर्दीच्या टूरमध्ये ती डोक्यावरून जाईल आणि दोष उगाच लेखकाच्या माथी पडेल.

मोठी कादंबरी नेऊच नये असं मुळीच नाही. पंधरा दिवस एकाच जागी मुक्काम असेल तर तीच न्यावी. फक्त आतून विभागलेली बघावी. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) जाडजूड आहे, पण तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आळीपाळीने बोलतात. निवेदक बदलला की थांबायला आपोआप जागा मिळते आणि दुसऱ्या दिवशी धागा पकडायला सोपं जातं. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहे. आधी पहिलाच खंड न्या. दोन्ही खंड एकदम घेतले की वजनाचं दडपण येतं. दुसरा खंडच हाती लागला म्हणून तो घेऊन निघू नका. खोतांच्या पिढ्या पहिल्या खंडातच ओळखीच्या होतात.

3. जिथे जाताय तिथलं पुस्तक शोधा

या पायरीवर वेळ घालवाच. जागा डोळ्यांसमोर असली की वर्णनाची पानं ओलांडाविशी वाटत नाहीत, आणि वर्णनं ओलांडता ओलांडताच नवा वाचक कंटाळतो.

लोणावळ्याकडून राजमाचीला जाणार असाल तर गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ त्याच माचीवर घडते. आकाराने लहान आहे, पाठीवरच्या पिशवीत जड होत नाही. नागझिऱ्याच्या अभयारण्यात जाणार असाल तर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आहे. जंगलात माणसाने कसं बसावं आणि काय बघावं हे त्यातून कळतं, त्यामुळे सफारीच्या आधीच वाचा. विदर्भातल्या इतर जंगलांसाठी मारुती चितमपल्लींचं लेखन घ्या. दापोली-खेडकडे निघालेल्याला पेंडशांच्या कादंबऱ्यांमधला भूगोल शब्दशः रस्त्यावर भेटतो. ‘गारंबीचा बापू’ त्या भागातलीच आहे. गोव्यासाठी लक्ष्मणराव सरदेसाईंच्या कथा किंवा बा. भ. बोरकरांची कविता. कवितेचं पुस्तक सुट्टीत फार कमी लोक नेतात, पण दहा मिनिटांच्या तुकड्याला त्याच्याइतकं काही जुळत नाही.

झाशी-ग्वाल्हेरची सहल असेल तर गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ नक्की बघा. कोकणातल्या वरसईचे हे भिक्षुक 1857 मध्ये दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. किल्ला बघायच्या आदल्या रात्री वेढ्याचं प्रकरण वाचलं तर गाईडच्या सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागतं. एक काळजी घ्या. 1907 मध्ये ते पहिल्यांदा छापलं गेलं ते चिं. वि. वैद्यांनी संपादन केलेल्या रूपात. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती नंतर आली. दोन्हींची भाषा सारखी नाही. नव्या वाचकाला टीपा आणि शब्दार्थ दिलेली आवृत्ती सोपी जाते, तेव्हा विकत घेताना आत कोणता पाठ आहे हे प्रस्तावनेतून बघून घ्या.

ठिकाणाचं पुस्तक सगळं तिथेच वाचायचं ठरवू नका. एक तृतीयांश घरी, निघायच्या आधी वाचा, म्हणजे माणसांची नावं बसतात. उरलेलं तिथे.

महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी तर पुस्तक न नेलं तरी चालेल. पाचगणीजवळचं भिलार 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. गावातल्या घरांमध्ये विषयवार मराठी पुस्तकं ठेवली आहेत, तिथेच बसून वाचायची, पैसे पडत नाहीत. अर्धा दिवस राखून ठेवा. तिथे चारशे पानांची कादंबरी सुरू करण्याची चूक अनेक जण करतात आणि निघताना हळहळतात. कथा, कविता, नाटक किंवा दिवाळी अंक घ्या.

4. दुकानात किंवा ग्रंथालयात पाच मिनिटांची परीक्षा

मलपृष्ठावरचा मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो आणि पहिलं पान लेखकाने सगळ्यात जास्त घासलेलं असतं. दोन्हींवरून पुस्तक ठरवू नका. असं करा:

साधारण एक तृतीयांशावर पुस्तक उघडा आणि सलग दोन पानं वाचा. चार ठिकाणी मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचावं लागलं, तर हे पुस्तक घरच्या शांततेसाठी ठेवा. एखादा शब्द अडला तर हरकत नाही, वाक्यच्या वाक्य अडायला नको.

मग संवादांचं एक पान शोधा आणि ओठांतल्या ओठांत वाचा. मराठी कादंबरीत संवाद माणदेशी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कशातही असू शकतात. डोळ्यांना अनोळखी वाटणारी बोली कानाला बऱ्याचदा कळते, म्हणून ही परीक्षा नुसत्या नजरेने करू नये. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी दीडशे पानांच्या आतली आहे, निवेदन साधं आहे, बोली संवादांत आहे आणि अर्थ संदर्भाने लागतो. बोलीतलं पुस्तक पहिल्यांदाच वाचणाऱ्याला यापेक्षा चांगली सुरुवात सुचत नाही.

अनुवाद असेल तर एक प्रश्न आधी विचारा: पूर्ण आहे की संक्षिप्त? मुखपृष्ठावर हे बारीक अक्षरात असतं, कधी फक्त आतल्या पानावर असतं. संक्षिप्त आवृत्ती वाईटच असते असं नाही, पण आपण काय वाचतोय ते माहीत हवं. अनुवादकाचं नाव कुठेच छापलेलं नसेल तर पुस्तक परत ठेवा.

आता बांधणी. पुस्तक बंद धरून वरच्या कडेने पुठ्ठ्याच्या कण्याकडे बघा. कागदांच्या दुमडलेल्या बारीक जुड्या ओळीने दिसल्या तर पुस्तक बहुधा शिवलेलं आहे, टिकेल. सगळे कागद सुटे आणि नुसत्या गोंदाने चिकटवलेले दिसले तर ते पुस्तक पूर्ण उलगडून दाबू नका आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका. उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि पानं मुठीत येतात.

पानं बहुधा सोळाच्या फॉर्म्यात, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या जुडीत, छापली जातात. बांधताना एखादा फॉर्मा राहिला तर 48 नंतर थेट 65 येतं, दोनदा लागला तर तीच सोळा पानं पुन्हा येतात. पानांचे आकडे अंगठ्याने भरभर चाळून बघायला अर्धं मिनिट लागतं. दुकानदार असं पुस्तक बदलून देतो, पण सुट्टीच्या गावी समुद्रकाठी हे लक्षात आलं तर काही करता येत नाही. रस्त्यावरच्या स्वस्त प्रतींमध्ये फोटोकॉपीसारखी पुसट छपाई आणि गळालेली पानं जास्त सापडतात. त्या बेकायदा छापलेल्या असतात आणि लेखकाला त्यातून छदामही मिळत नाही. घेऊ नका. जुनं, वापरलेलं खरं पुस्तक घेणं मात्र केव्हाही चांगलं.

टाइपाचा आकारही बघा. घरातल्या ज्येष्ठांसाठी पुस्तक असेल तर त्यांनाच ते हातात धरायला द्या. सुट्टीच्या खोलीतला दिवा घरच्यापेक्षा मंद असतो.

5. पुस्तक मिळवा

*ग्रंथालय.* सगळ्यात स्वस्त, आणि पुस्तक नाही आवडलं तर पैसे गेल्याचं दुःख नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात. अ आणि ब वर्गाच्या ग्रंथालयात निवड मोठी. पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. अशा जुन्या संस्थांत बाजारात न मिळणारी पुस्तकंही सापडतात. सभासद व्हायला साधारण एवढं लागतं:

- ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स (मूळ प्रत सोबत ठेवा)
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- अनामत रक्कम आणि वर्गणी. अनामत परत मिळते, म्हणून तिची पावती जपा
- काही ठिकाणी जुन्या सभासदाची ओळख

पुस्तक ठेवण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी सात ते पंधरा दिवसांची असते. तुम्ही अकराव्या दिवशी परतणार आणि मुदत आठ दिवसांची, असं होऊ नये म्हणून आधीच नूतनीकरणाचं विचारा. साप्ताहिक सुट्टीचा वारही विचारून घ्या. मे महिन्यात आणि दिवाळीत मागणी वाढते, तेव्हा हवं ते पुस्तक नावावर राखून ठेवता येतं का ते बघा.

*दुकान.* पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर. विक्रेत्याला ‘काहीतरी चांगलं द्या’ असं सांगू नका, नाहीतर त्या महिन्यात खपणारं पुस्तक हातात येईल. ‘दीडशे पानांच्या आतली, कोकणात घडणारी कादंबरी’ असं सांगितलं की जाणता विक्रेता तीन पुस्तकं काढून ठेवतो.

*घरपोच.* ऑनलाइन मागवणार असाल तर निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी. पानांची संख्या, बांधणी आणि आवृत्तीचं वर्ष वाचून मागवा. चित्रावरून जाडी कळत नाही.

*ई-पुस्तक.* परदेशातल्या आणि परप्रांतातल्या मराठी वाचकांसाठी हाच सोपा मार्ग. किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तकं मिळतात, बुकगंगा या संकेतस्थळावरही आहेत. अक्षर मोठं करता येणं हा मोठा फायदा. पण फाइल पीडीएफ असेल, त्यातही स्कॅन केलेली, तर अक्षर मोठं केल्यावर पान पडद्याबाहेर जातं आणि प्रत्येक ओळ सरकवत वाचावी लागते. दहा पानांत जीव मेटाकुटीला येतो. नमुन्याची पानं उतरवून त्याच उपकरणावर बघा, मगच विकत घ्या.

*ऐकायचं पुस्तक.* स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात. अडीचशे पानांचं पुस्तक ऐकायला साधारण आठ तास. वाचणाऱ्याचा आवाज पाच मिनिटं ऐकून ठरवा, कारण तोच आवाज आठ तास सोबत असणार आहे. ई-पुस्तक असो की ऐकायचं, घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून ते उघडतं का ते तपासा. सह्याद्रीतल्या गावात नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नका.

6. निघायच्या आधी वीस पानं वाचा

ही पायरी गाळली तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. पुस्तकाची पहिली पंधरा-वीस पानं सगळ्यात जड असतात, कारण नवी माणसं, नवं गाव, नवी भाषा एकदम समोर येते. ती घरी, ओळखीच्या खुर्चीत ओलांडा. वीस पानांनंतर पुढे काय होतं हे जाणून घ्यावंसं वाटलं तर पुस्तक पिशवीत. वाटलं नाही तर बदला, अजून वेळ आहे.

प्रस्तावना लांबलचक असेल तर आत्ता सोडून द्या. अनेक प्रस्तावनांमध्ये कथानकाचा शेवट उघड सांगितलेला असतो. शेवटी वाचल्या की त्या जास्त कळतात.

पात्रं दहाच्या वर असतील तर वाचनखूण म्हणून एक कोरं कार्ड वापरा आणि त्यावर नावं आणि नाती लिहा. खोत, पाटील, सरदार यांच्या कादंबऱ्यांमध्ये काका-पुतण्यांची नावं हमखास गोंधळात टाकतात.

7. मुलं बरोबर असतील तर

मुलांचं पुस्तक मुलांनाच निवडू द्या. मोठ्यांनी निवडलेलं ‘उपयोगी’ पुस्तक सुट्टीत कुणी उघडत नाही. आठ-दहा वर्षांच्या वरच्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे अजूनही धरून ठेवतात. फुरसुंगीचा फेणे पुण्यातल्या मुलांना तर शेजारचाच वाटतो.

मराठी माध्यमात नसलेल्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांना वाचून दाखवा. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची (1935) मांडणीच रात्रींची आहे, एका रात्री एक गोष्ट. त्यामुळे मुक्कामात रोज रात्री एक, असा क्रम सहज बसतो. मोठ्याने वाचायला डोळ्यांनी वाचण्यापेक्षा दीडपट-दुप्पट वेळ लागतो, तेवढा धरा. जोडाक्षरांवर मूल अडखळलं तर लगेच दुरुस्त करू नका. वाक्य संपू द्या.

8. पिशवीत काय हवं

- मुख्य पुस्तक एक, आणि त्याच्या अगदी वेगळ्या जातीचं बारीक पुस्तक एक. कादंबरीसोबत कविता किंवा ललित. दोन कादंबऱ्या नकोत.
- चेन असलेली प्लास्टिक पिशवी. कोकणातल्या पावसाळी हवेत पानं फुगतात आणि कडा वळतात
- पेन्सिल (ग्रंथालयाच्या पुस्तकावर तीही नको)
- नावांचं कार्ड
- पुस्तकाला अडकवायचा छोटा दिवा, खोलीत इतर झोपले असतील त्यासाठी

वजनाचा अंदाज हवा असेल तर नेहमीच्या डेमी आकारातलं तीनशे पानी साधं पुस्तक साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, पुठ्ठा बांधणीत आणखी शंभर-सव्वाशे. ट्रेकला किंवा विमानाच्या हातसामानात हे जाणवतं.

पुस्तक हातसामानात ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. खरा मोकळा वेळ स्थानकावर, विमानतळावर, हॉटेलची खोली मिळेपर्यंत समोरच्या सोफ्यावर असतो, आणि तेव्हा मोठी बॅग टपावर किंवा डिकीत असते. पहिल्या दिवशी दहा पानं तरी वाचाच. पहिला दिवस कोरा गेला की दुसरा जातो.

पन्नास पानं होऊनही मन लागत नसेल तर बिनधास्त थांबा आणि ते बारीक पुस्तक उघडा. राहिलेलं परत नेताना शेवटच्या वाचलेल्या पानावर तारीख आणि ‘इथपर्यंत काय झालं’ याच्या दोन ओळी कार्डावर लिहून ठेवा. दोन महिन्यांनी हातात घेतलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.